विशाखा समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून नाव टाकलंय, आता नेमकं करायचं काय?

एमए_पार्ट_टू
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या आठवड्यात मॅडमनी बोलावून सांगितलं, तुझं नाव अंतर्गत तक्रार समितीवर (लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी, जिला सगळे विशाखा समिती म्हणतात ती) टाकलंय, इथे सही कर. काम काय विचारलं तर म्हणे ८ मार्चला पोस्टर आणि रांगोळी स्पर्धा असते ती बघायची. इकडे नोटीस बोर्डावर समितीचा कागद आहे त्यावर रिटायर झालेल्या मॅडमचं नाव, आणि तक्रारपेटी प्राचार्यांच्या केबिनच्या दाराशीच, वर बरोबर सीसीटीव्ही. कोण टाकणार त्यात चिठ्ठी?? पोरी आपापसात सांगतात, अमुक सरांकडे एकटी जाऊ नको, बास तेवढंच. मला रांगोळीत वर्ष घालवायचं नाहीये पण माझं ऐकणार कोण? कुणी असं काम केलंय का?

निळी_सायकल
केलंय, दोन वर्षं. पहिलं म्हणजे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) लैंगिक छळाबद्दलचे २०१५ चे विनियम डाउनलोड कर (राजपत्रात २०१६ ला आले) आणि स्वतः वाच, कारण स्टाफमधल्या निम्म्या लोकांनी वाचलेले नसतात. त्यात स्पष्ट आहे की प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीवर ३ विद्यार्थी हवेत आणि ते निवडणुकीने यायला हवेत, बोलावून सही घेऊन नाही 😅 निम्म्या तरी बायका हव्यात, बाहेरची एक व्यक्ती हवी, आणि कुलगुरू, रजिस्ट्रार, डीन, एचओडी (विभागप्रमुख) वगैरे खुर्चीवाल्यांना समितीवर बसता येत नाही. तुमच्या यादीत एचओडी आहे का बघ, बहुतेक सापडेल.
भांडायला जाऊ नकोस. लेखी अर्ज दे की कागद जुना झालाय, नवीन नावं आणि मोबाईल नंबर लावा, आवक नंबर घालून पोच घे. आमच्याकडे हा कागद लेडीज रूमच्या दारावर आतून लावला आणि लायब्ररीत, मग पोरी फोटो काढून न्यायला लागल्या. पेटी तिथून हलव हे तर आधी.

कट्टा_नंबर_५
सगळं ठीक पण खोट्या तक्रारी झाल्या तर पोराचं करिअर गेलं ना, त्याचं कोण बघणार. आणि पोरांना त्रास झाला तर?

निळी_सायकल
भावा तेही त्याच विनियमात आहे, वाच. मुलगा किंवा तृतीयपंथी विद्यार्थ्यालाही त्रास होऊ शकतो हे त्यात मान्य केलंय. ज्याच्यावर तक्रार आहे त्याला कॉपी मिळते, उत्तर द्यायला १० दिवस मिळतात, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाई आहे, फक्त पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी असं धरत नाहीत. तुमच्या कट्ट्यावर तू हे सांगितलंस तर हिच्या दहा पोस्टरपेक्षा जास्त उपयोग होईल, सिरियसली.

खडू_आणि_डस्टर
मी शिकवते, अशा समितीवर होते म्हणून थोडं सांगते. बाळा, तुझ्याकडे पोरी येतील त्या तक्रार घेऊन नाही, "ताई एक विचारू का" म्हणून येतील. तेव्हा तू चौकशी करायची नाहीस, त्या मुलाला किंवा सरांना गाठून जाबही विचारायचा नाहीस, आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर तर एक शब्द नाही. ऐकायचं, मेसेज डिलीट करू नको म्हणायचं, आणि ३ महिन्यांची मुदत सांगायची. घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार द्यावी लागते, सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. पुष्कळ पोरी सेमिस्टर संपू दे म्हणतात नि मुदत निघून जाते. तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचंच काम आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तोवर सरांवर तक्रार असेल तर तिचे पेपर त्यांच्याकडे तपासायला जाऊ नयेत अशी मागणी करता येते, हे मुलींना माहीतच नसतं, इंटर्नलच्या मार्कांच्या भीतीने गप्प बसतात.
आणि कुणी "मिटवून टाकू" म्हणालं तर समेट फक्त तिने मागितला तरच, पैसे देऊन तर मुळीच नाही.

रिसर्च_वाली
विद्यार्थ्यांचं कोण ऐकतं म्हणतेस, तर दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात १९९९ पासून जीएसकॅश नावाची लैंगिक छळाच्या तक्रारींची समिती होती, तिच्यावर विद्यार्थी निवडून जायचे, निवडणूक म्हटलं की कॅम्पसभर चर्चा व्हायची. २०१७ मध्ये प्रशासनाने ती काढून आयसीसी म्हणजे अंतर्गत तक्रार समिती आणली, विद्यार्थ्यांनी खूप विरोध केला. त्याच वर्षी सप्टेंबरात बनारसच्या बीएचयू विद्यापीठाच्या मुली छेडछाडीविरुद्ध गेटवर बसल्या, मागणी काय तर रस्त्यावर दिवे लावा, गार्ड ठेवा. लाठीमार झाला त्यांच्यावर, पण नंतर तिथे पहिल्यांदा बाई चीफ प्रॉक्टर (कॅम्पसची शिस्त बघणारी मुख्य अधिकारी) झाली. तू पण संध्याकाळी चार पोरी घेऊन हॉस्टेल ते एसटी स्टँड चालत जा, कुठे दिवा नाही ते लिहून काढ, असला अर्ज नाकारायला प्राचार्यांनाही अवघड जातं.

एमए_पार्ट_टू
थँक्यू सगळ्यांना, अर्ज उद्याच टाइप करते. यादीत एचओडी खरंच आहेत 🙈 अजून एक, डिसेंबरात एनएसएसचा कॅम्प दुसऱ्या गावात असतो, तिथे काही झालं तर समितीकडे येतं का? मॅडम म्हणाल्या कॉलेजबाहेरचं आपलं नाही.

खडू_आणि_डस्टर
येतं. कॅम्प, सहल, फील्ड व्हिजिट, गॅदरिंग, स्पोर्ट्स, कॉलेजची बस, हे सगळं कॅम्पसच्या व्याख्येत आहे. कॅम्पच्या आधी मीटिंग घ्यायला सांग आणि समितीचे नंबर तिथे सगळ्यांना लिहून द्या, मुलग्यांनाही.