शब्दचर्चा : ‘पातळ कवचांचा स्पर्श’ की ‘संपर्क’?

प्रश्न : सान्त घटक पद्धतीवरील (‘फायनाइट एलिमेंट मेथड’ : वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पून संगणकावर गणित करण्याची रीत) एका प्रकरणाच्या भाषांतरात मी ‘पातळ कवचांमधील (‘शेल’ : घुमटाच्या छतासारख्या पातळ, वक्र रचना) स्पर्श’ असे लिहिले होते, तपासनिसांनी ‘स्पर्श’ खोडून सर्वत्र ‘संपर्क’ केले. मला ते पटलेले नाही. संपर्क दूरध्वनीवरूनही होतो. येथे दोन पृष्ठे एकमेकांना टेकून दाब देतात. फट असेल तेथे दाब नसतो, दाब असेल तेथे फट नसते, ही या गणिताची मूळ अट आहे. आपणांस काय वाटते?

प्रतिसाद १ : भूमितीत ‘स्पर्शिका’ रुळलेली आहे. लंब दिशेचा दाब आणि घर्षणाचे स्पर्शरेषीय बल वेगळे मांडताना ‘स्पर्शातील स्पर्शरेषीय बल’ असे लिहावे लागेल आणि विद्यार्थी तेथेच अडखळेल. ‘संपर्क’ घेतला की हा गुंता उरत नाही.

प्रतिसाद २ : माझा आक्षेप ‘कवच’ या शब्दाला आहे. कवच म्हटले की आत जपलेले काहीतरी आले. शिवाय रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉनांची कवचे आहेतच. ‘टरफल’ घ्यावे : तेही पातळ आणि वक्र असते. ‘कवटी’ आणि ‘कवच’ एकाच कुळातले असावेत, असेही मला वाटते.

प्रतिसाद ३ : केवळ ध्वनिसाम्यावरून कुळ ठरत नाही. टरफल सोलून टाकायचे असते. घुमटाच्या छताला ते नाव कसे द्यावे? या क्षेत्रातील माणसे ‘शेल’, ‘मेश’ (तुकड्यांची जाळी), ‘कॉन्टॅक्ट’ असेच बोलतात, तेच लिहावे.

प्रतिसाद ४ : ‘घर्षणांक’ हाही कोणीतरी घडवलेलाच शब्द आहे आणि आज तो कोणालाही परका वाटत नाही. वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

प्रश्नकर्ता : शब्द कोणताही ठरो, जाडी त्यात हरवू नये. संगणकातील प्रतिमानात कवच बहुधा मध्यपृष्ठानेच, म्हणजे जाडीच्या मधोमध कल्पिलेल्या पृष्ठानेच, दाखवतात आणि जाडी ही केवळ एक संख्या असते; प्रत्यक्षात टेकते ते मात्र बाह्यपृष्ठ. प्रत्येकी २ मिमी जाडीची दोन कवचे एकमेकांना टेकली, तर त्यांच्या मध्यपृष्ठांत २ मिमी अंतर राहिलेच पाहिजे, नाहीतर ती एकमेकांत घुसलेली असतील. म्हणून नुसते ‘पृष्ठांचा संपर्क’ मला अपुरे वाटते.

प्रतिसाद २ : मग ‘पातळ’ तरी कसे चालेल? द्रवही पातळ असतो. ‘तनु’ म्हणावे.

प्रतिसाद १ : पातळ कागद, पातळ कापड आपण म्हणतोच. मात्र येथे ‘पातळ’ हे वर्णन नसून गृहीतक आहे : ब्रिटिश गणितज्ञ लव्ह यांनी १८८८ मध्ये मांडलेल्या कवचांच्या सिद्धान्तात मध्यपृष्ठाला लंब असलेली रेषा कवच वाकल्यावरही लंबच राहते आणि तिची लांबी बदलत नाही. दाबाखाली जाडी चेपली जाते, ती या सिद्धान्ताला दिसतच नाही. ‘तनु’ लिहिल्याने हे अधिक स्पष्ट होईल का?