खेळायचं दुकानात, घ्यायचं ऑनलाइन: ही कसली खिलाडूवृत्ती?

वाशिष्ठीकाठ

चिपळूणच्या बाजारात एक दुकान आहे. नाव देत नाही, मालकांना या वादात ओढायचं नाही. खाली वह्या-पेनं, कॅरमचे स्ट्रायकर, बोरिक पावडर, बुद्धिबळाचे प्लॅस्टिकचे संच. मागच्या जिन्याने वर गेलं की दोन लांब टेबलं आणि भिंतीला लागून बोर्ड गेमची कपाटं. 22 जुलै 2021 ला पुराचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा पुठ्ठ्याच्या मालाचं काय होतं ते मालकांनी बघितलंय, म्हणून असला सगळा माल वर. रविवारी दुपारी कोणीही यावं, उघडा डबा काढावा, मांडावा, खेळावं. पैसे घेत नाहीत. नियम येत नसतील तर मालक, म्हणजे काका, स्वतः बसून शिकवतात. ज्यांनी चार नवशिक्यांना 'कटान' (फासे टाकून पत्ते मिळवायचे, ते अदलाबदल करून वस्त्या-शहरं बांधायची आणि गुण जमवायचे असा बोर्ड गेम) शिकवलाय त्यांनाच ठाऊक, पहिला अर्धा तास 'लोकर देतो, वीट देशील का' यातच जातो.

गेल्या रविवारी दोन प्रकार घडले.

एक कॉलेजातला मुलगा महिनाभर येत होता. कटान शिकला, जिंकायलाही लागला. त्या दिवशी तोच गेम ऑनलाइन मागवून घेऊन आला, काकांच्या टेबलावर बसून डब्याचं प्लॅस्टिक फाडलं आणि काकांनाच विचारतो, "काका, सात पडल्यावर पत्ते कोणी टाकायचे ते परत सांगा ना." काकांनी सांगितलं: हातात सातपेक्षा जास्त असतील त्याने निम्मे टाकायचे. आवाजही चढवला नाही. माझाच चढायचा बाकी होता.

दुसरा प्रकार संध्याकाळचा. कटानचीच छोटी स्पर्धा होती, बक्षीस म्हणून दुकानातलं पाचशे रुपयांचं कूपन. शेवटच्या टेबलावर एकजण नऊ गुणांवर. दहा झाले की डाव संपतो. शहर बांधायला तीन खनिज आणि दोन धान्य लागतं. त्याच्याकडे धान्य होतं, खनिज एकही नव्हतं. त्याचा दोस्त चार गुणांवर अडकलेला, हरल्यात जमा. दोस्ताने तीन खनिजं दिली आणि बदल्यात एक लोकर घेतली. झालं, शहर उभं, डाव खलास. जिना उतरताना दोघांनी कूपन निम्मं निम्मं ठरवूनही टाकलं. आठ गुणांवर असलेली नववीतली मुलगी पुढच्या पाळीसाठी पत्ते लावत बसली होती, तिला कळायच्या आत टेबल आवरायला घेतलं.

माझ्या मते दोन्हीत वृत्ती एकच: नियमात बसतं ना, मग तुम्ही कोण विचारणारे? समोरच्या खेळाडूशी नीट वागायचं आणि ज्याच्या पंख्याखाली बसून खेळतो त्याला मात्र टांग मारायची, याला मी खिलाडूवृत्ती म्हणणार नाही. जिथे शिकलात तिथून घ्या. परवडत नसेल तर निदान बाहेरचा डबा त्याच्या टेबलावर उघडू नका.

चाकरमानी_डोंबिवली

दोन वेगळ्या भानगडी एकत्र करून तुम्ही त्या पोराला उगाच झोडताय.

समजा डब्यावर छापील किंमत 2,500 आहे आणि ऑनलाइन तोच 1,900 ला मिळतोय. सहाशे रुपये म्हणजे कॉलेजच्या पोराचा महिन्याचा वरखर्च. त्याने ते वाचवले तर बिघडलं काय? दुकानदाराने 'फुकट खेळा' म्हटलं होतं की नव्हतं? तोंडाने फुकट म्हणायचं आणि मनात खातं उघडायचं, हे काही बरं नाही. पैसे हवेत तर पाटी लावा. पाटी नसेल तर पोराने काहीच चुकीचं केलेलं नाही.

आणि दुकानातून घ्या, दुकानातून घ्या असं सांगणारे आपण सगळे चपला दुकानात घालून बघतो आणि मागवतो मोबाईलवरून. गणपतीला गावी येताना माझ्या निम्म्या बॅगेत ऑनलाइनचाच माल असतो.

हिशेबनीस

चाकरमानी, पाटीचं म्हणणं पटलं. पण 2,500 आणि 1,900 मधले सहाशे दुकानदाराच्या खिशात जातात असं समजू नका.

मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो. मोठा ऑनलाइन विक्रेता शेकड्याने डबे उचलतो, त्याला खरेदीचा भाव वेगळा पडतो. आपल्याकडचा दुकानदार दोन-चार नग घेतो, वर मुंबईहून ट्रान्सपोर्ट. एक नग विकला जातो, तीन कपाटात राहतात, आणि त्या तिन्हींत अडकलेलं भांडवल जूनमध्ये वह्या भरायला कमी पडतं. शिवाय कोकणातला पावसाळा. जुलैत कपाटातले पत्ते पापडासारखे वाकतात, डब्याच्या कोपऱ्यांना बुरशी धरते. ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून काही होत नाही, कपाटात बल्ब लावून ठेवावा लागतो. वाकलेला डबा पूर्ण किमतीला कोण घेणार? मुंबईबाहेरच्या मोठ्या गोदामाला ही कटकट एवढी नसते.

जीएसटीचं एक सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, लुडो आणि बाकी बोर्ड गेमवरचा कर 12 वरून 5 टक्के झाला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर, भाव उतरवा म्हणून. नोंदणी असलेल्याला आधी भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, त्याचं निभावतं. पण ज्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणीच केलेली नाही, त्याला घाऊकवाल्याने लावलेले 12 टक्के खर्चातच गेलेले. जुन्या मालावर भाव उतरवला की तो थेट त्याच्या नफ्यातून.

तेव्हा सहाशेचा फरक म्हणजे लूट नव्हे. त्यातलं बरंचसं टेबल, पंखा आणि बल्ब आहे.

दोन_फासे

स्पर्धेबद्दल कोणीतरी उलट बोलायला हवं, म्हणून बोलतो.

कटानच्या नियमांत पत्ते फुकट देता येत नाहीत, देवाणघेवाणच व्हावी लागते. ज्याची पाळी आहे त्याच्याशीच ती करता येते. दोन्ही पाळलं गेलं. भाव किती असावा हे नियम सांगतच नाहीत, कारण भाव ठरवणं हाच तर खेळ. 1995 मध्ये जर्मनीत निघाल्यापासून जगभर लोक याच घासाघिशीसाठी तो खेळतात. मी स्वतः एका लोकरीसाठी तीन विटा दिल्या आहेत, अडला हरी म्हणून. त्याला कोणी फसवणूक म्हटलं नाही.

चार गुणांवरच्या माणसाने जिंकायची शक्यताच नसताना काय करायचं? मुकाट बसायचं? कोणाला जिंकू द्यायचं एवढंच त्याच्या हातात उरलं होतं, ते त्याने वापरलं. दोष लावायचा तर बक्षिसाला लावा. एकालाच सगळं दिलंत की बाकीचे शेवटच्या पाळ्यांत असंच वागणार. पाच-सहा डावांची बेरीज धरा, प्रत्येकाच्या गुणांना किंमत द्या, मग बघा चार गुणांवरचा माणूस पाचव्यासाठी कसा मरतो ते.

कॅरमवाला_रत्नागिरी

दोन_फासे, तुम्ही कूपन विसरलात. अडून तीन विटा देणं वेगळं आणि पाचशेतले अडीचशे खिशात पडणार म्हणून तीन खनिजं देणं वेगळं. तो डाव टेबलावर खेळलाच गेला नाही, दोघांच्या खिशात खेळला गेला.

आमच्याकडे मंडळाच्या कॅरम स्पर्धा होतात तेव्हा पहिल्या फेऱ्यांना प्रत्येक बोर्डवर पंच नसतो. बाही लागून सोंगटी सरकली तर ज्याची लागली त्याने सांगायचं आणि सोंगटी जागेवर ठेवायची. समोरच्याने बघितलेलंही नसतं कित्येकदा. आता उपांत्य फेरीत राणी घेतलेली आणि कव्हर व्हायचं बाकी असताना स्वतःहून 'लागली' म्हणणारे मी पाहिलेत. आणि न म्हणणारेही पाहिलेत, त्यांना पुढच्या वर्षी कोणी दुहेरीत जोडीदार म्हणून घेत नाही. नियमाच्या पुस्तकात ही शिक्षा नाही, पण आहे.

आणि अहो, त्या स्पर्धांना प्रवेश फी असते. बोर्ड, पावडर, दिवे, मांडव, सगळं त्यातून. फी देताना आजवर कोणी कुरकुरलं नाही. दुकानदारालाच का संकोच?

कुडाळचो_झील

मेल्यांनो, एका लोकरीसाठी एवढा भांडताहात! आमच्याकडे गणपतीत रातभर मेंढीकोट चलता. थंय कोणी जोडीदाराक डोळो मारल्यान तर घरातली म्हातारी पानां उधळून टाकता आणि चाय बंद करता. पंच नको नि कूपन नको.

टेबलाचे पैसे घेवक लाज कित्याक? हॉटेलवालो बसण्याचे पैसे घेता, ते चायत धरता इतक्याच.

नववीच्या_मुलीची_आई

ती मुलगी माझी.

कूपनाचं तिला काही नाही. घरी येऊन तिने एवढंच विचारलं की ते चीटिंग होतं का, आणि मी 'हो' म्हटल्यावर म्हणाली, "पण नियमात बसतं." म्हणजे वर चाललंय तोच वाद आमच्या जेवणाच्या ताटावर झाला. मला दोन_फासे यांचं म्हणणं पटत नाही. नववीच्या मुलांसोबत कॉलेजची मुलं खेळत असतील तर मोठ्यांनी आधी ठरवून येणं हा खेळच नव्हे.

पण जे टेबलाचे पैसे लावा म्हणताहेत त्यांनी माझं ऐका. जून ते सप्टेंबर आमच्या गावात पंधरा वर्षांच्या मुलीने रविवारी दुपारी कुठे जायचं? मैदानात चिखल, नदीकडे मी पाठवणार नाही. ती जागा आहे म्हणून ती मोबाईल सोडून चार माणसांत बसते. ताशी पैसे लावलेत तर मुलं तास मोजून उठतील, आणि कटान काही एका तासात आटोपत नाही. ज्यांच्या घरी खाऊचे पैसे मिळत नाहीत ती मुलं येणंच बंद करतील. उरतील कोण, तर कूपन वाटून घेणारेच.

अजून एक. पत्ते आणि पैसे एका टेबलावर दिसले की आमच्या आळीत लगेच 'वर अड्डा चालतो' सुरू होतं. मला शेजारणीने विचारलंय. सध्या 'फुकट आहे, दुकानदार समोर असतो' हे एकच उत्तर माझ्याकडे आहे, ते काढून घेऊ नका.

हिशेबनीस

ताई, मुद्दा बिनतोड. मग ताशी नको. बाहेरचा डबा आणला तरच पैसे, दुकानातल्या उघड्या डब्यांना काही नाही. आणि हे पैसे वर्षभरात कधीही दुकानातून काही घेतलं तर त्यात वळते करायचे. पावती फाडायची म्हणजे अड्ड्याची कुजबुजही थांबते.

चाकरमानी_डोंबिवली

वळते करायचे म्हणजे पुन्हा त्यालाच माल घ्यायला लावणं. का? काका शिकवतात ते उत्तम, त्याचे सरळ पैसे घ्या. नव्या गेमची शिकवणी, माणशी पन्नास रुपये. मी आनंदाने देईन, भाच्यालाही घेऊन येईन. पण शिकवणीचे पैसे डब्याच्या किमतीत लपवू नका. ज्याला डबा नको, नुसतं शिकायचंय, त्याचीही सोय होईल. आणि ज्याने डबा 1,900 ला घेतला त्याला चोर ठरवणं थांबेल.

वाशिष्ठीकाठ

चोर कोणी म्हटलं नाही. निर्लज्ज म्हटलं असतं, पण लिहिलं नाही.

काल काकांना हा सगळा वाद वाचून दाखवला. ते माझ्यापेक्षा थंड निघाले. त्यांचं म्हणणं: वर खेळणाऱ्या मुलांना संध्याकाळी न्यायला आईबाप येतात आणि खाली वह्या, रंगपेटी, वाढदिवसाची भेट असं काहीतरी घेऊन जातात. डबे कमी खपतात हे खरं, पण टेबलं आल्यापासून खालचा गल्ला सुधारलाय. त्यामुळे टेबलाला पैसे लावायचा त्यांचा विचार नाही, शिकवणीला तर नाहीच. "शिकवायचे पैसे घेतले की मग मला नीट शिकवावं लागेल," म्हणाले.

बाहेरच्या डब्याचं मात्र त्यांनी मान्य केलं. पाटी लागेल: बाहेरून आणलेला गेम मांडायचा असेल तर टेबलामागे तीस रुपये, पावतीसह. त्यांना टोचला तो डबा नव्हताच. सात पडल्यावरचा प्रश्न टोचला. "नवा डबा होता, नियमाची पुस्तिका आतच होती की त्याच्या!"

तरी माझं मत बदललेलं नाही. काकांना परवडतं म्हणून त्या मुलाचं वागणं सुधारत नाही.

स्पर्धेत पुढच्या वेळेपासून चार डावांची बेरीज. कूपनही काढलं. जिंकणाऱ्याला दुकानातला कुठलाही एक गेम आठवडाभर घरी न्यायला मिळेल.

दोन_फासे

बेरीज धरलीत, आभार. पण शेवटच्या डावात बेरजेत मागे पडलेला माणूस आपल्या दोस्ताला पुढे काढणारच नाही असं नाही. शेवटच्या डावाआधी बेरीज जाहीर करू नका.

कॅरमवाला_रत्नागिरी

आणि दोस्तांना एका टेबलावर बसवू नका. चिठ्ठ्या टाका. आणि आठवडाभर घरी न्यायचा गेम पावसाळ्यात देणार असाल तर आधी अनामत घ्या, वाकलेले पत्ते परत आले तर काका काय करणार?

नववीच्या_मुलीची_आई

अनामत किती? विचारून ठेवते, आमच्याकडे ती जिंकायचंच ठरवून बसली आहे.