अनुभव धागा: इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजातला प्रवेश, कागदपत्रं आणि खाचाखोचा

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांतून तेच प्रश्न येतात. 1887 साली कॅनडाच्या मिशनने काढलेलं इंदूर ख्रिश्चन कॉलेज असो की दुसरं एखादं मिशनचं कॉलेज, प्रवेशाच्या कामातल्या माहीतगारांनी इथे नेमकं लिहावं. कहाण्या नकोत, कामाचं सांगा.

रामबागकर
सगळ्यात आधी नाव जुळवा. मार्कांपेक्षा जास्त फॉर्म नावापायी अडकतात, आणि आपल्या मराठी घरांत तर हमखास. दहावीच्या मार्कशीटवर ‘अमेय गोखले’, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात, आधारवर ‘अमेय सुनील गोखले’, समग्रमध्ये (मध्य प्रदेश सरकारची कुटुंब-सदस्यांची ओळख नोंद) ‘अमय’. माणसाला हा एकच मुलगा दिसतो, संगणकाला तिघे. दहावीची मार्कशीट पाया धरा आणि बाकीचं तिच्याप्रमाणे करून घ्या. क्रमही महत्त्वाचा: आधी आधार दुरुस्त करा, मग समग्रची ई-केवायसी, कारण समग्र आधारवरूनच नाव आणि जन्मतारीख उचलतं. आधारला जोडलेला मोबाईल चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो. समग्रचे आकडे दोन असतात: कुटुंबाचा आठ अंकी, सदस्याचा नऊ अंकी. मुलाचा नऊ अंकी लागतो, लोक आठ अंकी भरून बसतात.

दप्तरी
टीसी मूळ प्रतच लागते आणि ती कॉलेजात जमा होते. आधी चार झेरॉक्स काढा, स्कॅन करून ठेवा. महाराष्ट्रातून आलेल्यांचा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणजेच टीसी, पण इथल्या खिडकीवर मराठी मजकूर वाचता येईलच असं नाही. इंग्रजी प्रत मिळत असेल तर तीच मागा.
बाहेरच्या बोर्डाच्या मुलांना मायग्रेशन, म्हणजे बोर्ड बदलल्याचं प्रमाणपत्र, लागतं. सीबीएसईचं डिजीलॉकरमध्ये मिळतं. महाराष्ट्र बोर्डाचं मंडळाकडून मागवावं लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून निकालाच्याच आठवड्यात अर्ज टाका. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र नोटरीकडून करून घ्या. त्यात ‘या काळात दुसरीकडे कुठेही नियमित प्रवेश घेतला नव्हता’ हे वाक्य असायलाच हवं, नाहीतर परत पाठवतात.

मंडळीतली
ख्रिश्चन कॉलेजात प्रवेशाला ख्रिस्ती असावं लागतं, हा गैरसमज अजून जात नाही. संविधानाच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय. दारं सगळ्यांना उघडी असतात. ख्रिस्ती समाजासाठी काही जागा राखीव असल्या तर किती, हे त्या-त्या कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघा.
त्या जागेवर अर्ज करायचा असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला ज्या चर्चच्या नोंदवहीत नाव आहे तिथूनच मिळतो, मग कुटुंब आज कुठल्याही गावी असो. पत्र मात्र सध्याच्या मंडळीचं, म्हणजे आज ज्या चर्चला जाता तिथलं: लेटरहेड, शिक्का, सही, तारीख चालू वर्षाची. रविवारी उपासनेनंतरच्या घाईत मागू नका, आठवडाभर आधी सांगा.
आणखी एक. अनुसूचित जातीचा दर्जा 1950 च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून ख्रिस्ती आदिवासी मुलांनी जमातीचा दाखला जरूर जोडावा.

नंदलालपुरा
महाराष्ट्रातल्या जातीच्या दाखल्यावर मध्य प्रदेशात राज्याचं आरक्षण मिळत नाही. त्यावर विसंबून कमी मार्कांत जागा मिळेल असं धरू नका, खुल्या प्रवर्गातूनच हिशेब करा. मूल निवासीचा, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याच्या दाखल्याचा, अर्ज लोकसेवा केंद्रात करतात. पावती जपून ठेवा, स्टेटस तिच्यावरच्या नंबरानेच कळतं.

विषयवाला
इथे 2021 पासून नव्या शिक्षण धोरणाप्रमाणे मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम) आणि व्यावसायिक विषय निवडायचे असतात. कॉलेजात कुठल्या मेजरचा वर्ग खरोखर चालतो, हे विभागात विचारून मगच भरा. आणि जागा मिळाल्यावर मुदतीत फी भरलीच पाहिजे. शेवटच्या संध्याकाळी पैसे खात्यातून जातात आणि पावती निघत नाही, असं खूपदा होतं. तेव्हा लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, स्टेटस तपासा आणि तोच कॉलेजच्या खिडकीवर दाखवा.