प्रति: पियानो फक्त साथीला?
'खरी कसोटी बॅरिटोनची (मध्यम-खर्ज आवाजाच्या पुरुष गायकाची), पियानो फक्त साथीला' हे वरचं मत जर्मन संगीतकार शुमानच्या 'डिश्टरलीबं' या गीतमालेला तरी लागू पडत नाही. जर्मन कवी हाइनेच्या कवितांवरची ही १८४० मधली १६ गाणी. पहिलं गाणं पियानो चक्क अधांतरी सोडतो, 'सा'वर येतच नाही. तेराव्यात गायक आधी एकटाच गातो, पियानो मधल्या शांततेत तुटक उत्तरं देतो. आणि शेवटी गाणं थांबल्यावर बाराव्या गाण्याचे सूर परत आणून पियानो एकटाच बोलत राहतो, गायकाने नुसतं उभं राहायचं (तेही सोपं नाही!). १९७६ च्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीत बॅरिटोन फिशर-डीस्काऊसोबत पियानोवर खुद्द होरोविट्झ होता. तो जरा जास्तच पुढे येतो, पण ऐकाच. मला स्वतःला फिशर-डीस्काऊचं पियानोवादक डेमुससोबतचं ध्वनिमुद्रण जास्त आवडतं.