मदत हवी आहे: रात्रीच्या कॅमेऱ्यासाठी घरी केलेला इन्फ्रारेड दिवा ठेवू की तयार घेऊ?

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद माहिती विचारण्यातच जातात. म्हणून सगळं एकदाच लिहितो.

घराच्या मागे एक कॅमेरा आहे, छपराच्या कडेखाली, जमिनीपासून तीनेक मीटरवर. तिथून मागचं फाटक बरोबर १२ मीटर. दिवसा चित्र झकास. रात्री मात्र कॅमेऱ्याच्या अंगच्या एलईडींचा उजेड अर्ध्या अंगणातच संपतो. त्यात कोळी! रोज संध्याकाळी भिंगासमोर एक तरी धागा ताणलेला असतोच. तो धागा रात्री दोरखंडाएवढा जाड आणि पांढराशुभ्र दिसतो, आणि वाऱ्याने हलला की मोबाइलवर ‘हालचाल आढळली’.

म्हणून दिवा वेगळा करायचं ठरवलं. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे, ५ मिमीचे ३६ एलईडी आणले आणि झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या कोऱ्या सर्किट-पाटीवर) सहा-सहाच्या सहा माळा केल्या. प्रत्येक माळेला ६८ ओहमचा रेझिस्टर. हिशोब असा की एका एलईडीवर सुमारे १.४ व्होल्ट, म्हणजे सहांचे ८.४. बारातून उरले ३.६, म्हणजे माळेत ५० मिलिअँपिअरच्या आसपास. एलईडीची मर्यादा १०० आहे, तेव्हा निवांत. घरात पडलेला एक जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर जोडला, सगळं प्लास्टिकच्या डबीत घातलं, वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, कडेने सिलिकॉन.

पहिल्या रात्री फाटक असं उजळलं की मी घरच्यांना उठवून दाखवलं. (त्यांचा उत्साह बेताचा होता.) मग नीट पाहिलं, तर भिंतीवर मधोमध एक पांढराफटक गोल आणि बाजूला काळोख. गोलात उभ्या माणसाला नाक-डोळेच नाहीत, नुसता खडूने रंगवल्यासारखा चेहरा.

मित्राकडून तयार दिवा चार दिवसांसाठी आणला. सहा मोठे एलईडी, मागे अ‍ॅल्युमिनिअमच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या, लेबलवर १२ व्होल्ट १ अँपिअर, कोन ९० अंश, पल्ला ८० मीटर. त्याने अंगण सगळीकडे सारखं दिसतं, पण फाटक माझ्या दिव्यापेक्षा मंद! ८० सोडा, १२ मीटरलाच ही गत.

त्यात तीन आठवड्यांत माझ्या दोन माळा गेल्या. रेझिस्टर तपकिरी पडलेत, तेही चालू माळांचे. आणि माझा दिवा लावला की तिन्हीसांजेला कॅमेरा टक्-टक् करत रंगीत, काळा-पांढरा, पुन्हा रंगीत असा अर्धा तास नाचतो.

विचारायचं एवढंच: ३.६ वॉटचा घरचा दिवा १२ वॉटच्या तयार दिव्याला मागे कसा टाकतो? माळा का गेल्या? ९४० चे एलईडी घेतले असते तर बरं झालं असतं का? आणि मुळात या घरच्या दिव्यामागे अजून वेळ घालवावा का?

उगाचच:
तयार घ्या आणि झोपा. एलईडी स्वस्तातलाच भाग असतो. तयार दिव्यात खरं काम असतं ते उष्णता बाहेर काढणारं अंग, प्रवाह बांधून ठेवणारं सर्किट आणि पाणी न शिरणारी पेटी यांचं. तेच तिन्ही तुमच्या डबीत नाही.

डाखवाला:
उगाचच, बोलणं खरं आहे, पण त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

धागाकर्ते, तुमच्या एलईडीच्या माहितीपत्रकात कोन ±१० अंश लिहिलाय का? लिहिला असणार. म्हणजे एकूण २०. १२ मीटरवर २० अंशांचा झोत सव्वाचार मीटर रुंदीचा गोल टाकतो. तुमच्या कॅमेऱ्याचं भिंग ८० अंशांचं धरलं तर त्याच अंतरावर त्याला २० मीटर रुंदी दिसते. वीस मीटरच्या चित्रात सव्वाचार मीटरचा गोल, बाकी अंधार. कॅमेरा उजेडाची सरासरी काढतो, बराच भाग काळा दिसला की एक्स्पोजर वाढवतो, आणि मधला माणूस खडूचा होतो.

आता तयार दिवा. ९० अंशांचा शंकू २० अंशांच्या शंकूपेक्षा साधारण १९ पट जास्त आकाश व्यापतो. म्हणजे तेवढाच उजेड १९ पट पातळ. वॉट तिप्पट-चौपट असले तरी ती पातळाई भरून निघत नाही. तुमचा दिवा जोरदार नाही, तो चिंचोळा आहे. एलईडी मोजून दिव्याची ताकद ठरवणं म्हणजे नळ मोजून पाण्याचा दाब सांगणं.

पल्ल्याच्या आकड्याचंही तसंच. अंतर दुप्पट केलं की उजेड पाव राहतो. त्यामुळे १२ मीटरला चाललेला दिवा २४ ला न्यायचा तर चौपट ताकद लागते. कोन आणि वॉट सांगितल्याशिवाय ८० मीटर या आकड्याला अर्थ नाही, आणि कोण पाहतंय तेही हवं: कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा, भिंग किती उघडं.

माळांबद्दल: तो जुना अडॅप्टर जड आहे का? हातात घेतल्यावर लोखंडाचा गोळा वाटतो तसा?

धागाकर्ता:
±१० च आहे. मी दुकानातून ‘२० अंश’ एवढंच ऐकलं होतं आणि तो आकडा चांगला की वाईट याचा विचारच केला नाही.
अडॅप्टर चांगलाच जड आहे. का?

डाखवाला:
मल्टिमीटर लावा. दिवा चालू ठेवून, आणि दिवा काढूनही.

धागाकर्ता:
दिवा काढून १७.३. दिवा जोडून १५.१!! वर चक्क १२ लिहिलंय.

डाखवाला:
तेच. आत ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर एवढंच असतं, व्होल्टेज धरून ठेवणारं काही नसतं. १२ हा आकडा पूर्ण भाराचा. तुमचा भार कमी, म्हणून तो वर बसला.

आता तुमचाच हिशोब पुन्हा करा. प्रवाह वाढला की एलईडीवरचं व्होल्टेजही जरा वाढतं, सहांचे ९ धरू. १५.१ मधून ९ गेले, उरले ६.१, भागिले ६८ : ९० मिलिअँपिअर. रेझिस्टरवर अर्ध्या वॉटच्या वर उष्णता. तुम्ही पाव वॉटचे लावले असणार, म्हणून तपकिरी. आणि बंद डबीत ९० वर चालणारा ५ मिमीचा एलईडी म्हणजे उकाड्यात गोधडी पांघरलेला माणूस. माहितीपत्रकातले १०० हे मोकळ्या हवेत, २५ अंश सेल्सिअसला. माळेतला एक एलईडी आतून तुटला की सहाच्या सहा जातात.

व्होल्टेज बांधून ठेवणारा, वजनाला हलका असा १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. आणखी पक्कं करायचं तर माळेत सहाऐवजी पाच एलईडी आणि रेझिस्टरऐवजी एलएम३१७ ही प्रवाह बांधून ठेवणारी आयसी, आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांमध्ये २७ ओहम. १.२५ भागिले २७, म्हणजे ४६ मिलिअँपिअर, अडॅप्टर थोडा खालीवर झाला तरी तेवढेच. सहा ठेवलेत तर त्या आयसीला जगायला व्होल्टेज जेमतेम उरतं.

रातकिडा:
टक्-टक् चं मी सांगतो, महिनाभर छळलंय मला. तो आवाज भिंगामागच्या फिल्टरचा. दिवसा सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, नाहीतर रंग विटतात. अंधार पडला की छोटी मोटर ती काच बाजूला सरकवते आणि चित्र काळं-पांढरं होतं. बरेच कॅमेरे अंधार पडला की नाही हे चित्रावरूनच ठरवतात. काच सरकली, तुमचा दिवा दिसला, चित्र उजळलं, कॅमेऱ्याला वाटलं सकाळ झाली. काच परत आली, दिवा दिसेनासा झाला, पुन्हा रात्र.

सेटिंगमध्ये दिवस-रात्र बदल ‘आपोआप’वरून काढून वेळेवर लावा. नाहीतर बदलाआधी थांबायचा कालावधी वाढवा. दिवा घरचा की विकतचा याचा काही संबंध नाही.

आणि कोळ्यासाठी: कॅमेऱ्याचे अंगचे एलईडी सेटिंगमधून बंद करा, दिवा निदान एक मीटर बाजूला लावा. जाळं, धूळ, पावसाचे थेंब भिंगाजवळ तेव्हाच चमकतात जेव्हा उजेड भिंगाशेजारूनच निघतो. जाळं राहीलच, फक्त दिसणार नाही. माझ्याकडे त्यानंतर रात्रीच्या रेकॉर्डिंगची फाइलही लहान झाली. अंधारातले मुंगीसारखे वळवळणारे ठिपके साठवायला कॅमेऱ्याला भरपूर जागा लागते, उजेड नीट पडला की ते कमी होतात.

फावला_वेळ:
पूर्वी आम्ही हॅलोजनच्या दिव्यापुढे उजेड न दाखवताच धुतलेली, काळीकुट्ट झालेली स्लाइड फिल्म लावायचो. डोळ्याला दिसणारा उजेड अडायचा, इन्फ्रारेड आरपार. फुकटात काम!

उगाचच:
आणि फिल्म वितळून वास यायचा तो वेगळा. कृपया कोणी हे करू नका.

फावला_वेळ:
यायचा, हे मान्य. :)

डाखवाला:
९४० चा प्रश्न राहिला. ८५० चा दिवा अंधारात रोखून पाहिला तर मंद लाल ठिपके दिसतात, ९४० चा जवळजवळ दिसत नाही. टीव्हीचे बहुतेक रिमोट ९४० चेच असतात. पण कॅमेऱ्याच्या सेन्सरलाही ९४० कमी दिसतं, ८५० च्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. तुम्हाला दिवा लपवायचा नाही ना? मग ८५० वरच राहा.

एक काळजीचं. हे एलईडी तपासताना डबी तोंडासमोर धरून पाहू नका. दिसत नसल्यामुळे डोळा मिटत नाही, बाहुलीही आकसत नाही, आणि उजेड मात्र सगळा आत जातो. मोबाइलचा पुढचा कॅमेरा रोखा, त्यात बहुधा जांभळट-पांढरे ठिपके दिसतात. मागच्या कॅमेऱ्यावर फिल्टर कडक असतो, त्यात दिसले नाहीत म्हणून एलईडी गेले समजू नका.

आणि सिलिकॉन कोणतं? लावताना व्हिनेगरसारखा वास आला होता का?

धागाकर्ता:
आला होता. डबी आता उघडली, तर दोन एलईडींचे पाय आणि पीसीबीची एक कड हिरवी झालीये. हे त्याचं?

डाखवाला:
त्याचंच. ते सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, बंद डबीत ते तांब्यावर बसतं. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या, आणि डबी बंद करायच्या आधी एक दिवस उघडी सुकू द्या. खाली बारीक भोक ठेवा, आत धरलेलं दव निथळून जाईल.

उरलेल्या चार माळा चांगल्या असतील तर टाकू नका. घरच्या दिव्याचा एक फायदा विकतच्यात नाही: एलईडी वाकवता येतात. मधल्या दोन माळा सरळ फाटकाकडे राहू द्या. बाहेरच्या दोन पक्कडीने हळूच, एक डावीकडे, एक उजवीकडे, १५-२० अंश वाकवा. पाय एलईडीच्या बुडाशी वाकवू नका, दोन-तीन मिमी सोडून धरा, नाहीतर आतली तार तुटते.

धागाकर्ता:
आठ दिवसांनी लिहितोय.

अडॅप्टर बदलला, दिवा जोडून ११.९ दाखवतो. चार माळा, पाच-पाच एलईडी, एलएम३१७ सकट. बाहेरच्या वाकवल्या. वाकवताना एक एलईडी तोडलाच, बुडाशी वाकवू नका हे वाचूनही. कॅमेऱ्यापासून सव्वा मीटरवर लावलाय. दिवस-रात्र वेळेवर टाकल्यापासून टक्-टक् बंद.

गोलाच्या जागी आता आडवा पट्टा आहे, कडा जरा डागाळलेल्या. फाटकाशी उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येतो. पण कॅमेऱ्याच्या पायथ्याशी, पहिले चार मीटर, अजून काळोखच. तिथे मित्राचा ९० अंशांचा दिवा लावून पाहिला तर दोघांचं मस्त जमतं. तो दिवा आता परत मागतोय.

तर तसाच एक लहान, रुंद कोनाचा तयार घेतो. वीस मीटर वायर ओढावी लागेल. घरात अर्ध्या चौरस मिमीची पडलीये, चालेल?

डाखवाला:
१ अँपिअरला नाही. जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबं, सुमारे १.४ ओहम. दिव्यापाशी १०.६ व्होल्ट पोचतील. दीड चौरस मिमीची घ्या, नाहीतर अडॅप्टर दिव्याजवळ न्या.

धागाकर्ता:
बरं. आणि एक राहिलंच. फाटकाशी गाडी थांबली की तिची नंबरप्लेट नुसती पांढरी पाटी दिसते. माणूस दिसतो, आकडे नाहीत. दिवा मंद करू?

रातकिडा:
ती प्लेट आलेला उजेड आल्या वाटेनेच परत पाठवते, म्हणून झळाळते. दिवा कॅमेऱ्यापासून आणखी लांब नेलात तर थोडा फरक पडेल. आकडेच हवे असतील तर शटर १/५०० सेकंदापेक्षा वेगवान करावं लागतं, आणि मग बाकी सगळं अंगण काळं. एका कॅमेऱ्यात दोन्ही बसवायला जाऊ नका, मी गेलो होतो.