मदत हवी आहे: ड्राफ्टमध्ये गरजेचा घेऊ की सगळ्यात भारी? (तातडीचं)

मिसिसागाचा_मन्या: आज रात्री 8 ला हॉकीचा ड्राफ्ट आहे (पाळीपाळीने खेळाडू निवडायचे), पटकन सांगा. फॉरवर्ड भरपूर, डिफेन्सची बोंब. माझी पाळी येईपर्यंत एक बरा डिफेन्समन आणि त्याच्याहून सरस विंगर (कडेचा फॉरवर्ड) उरतील असं दिसतंय. कुणाला उचलू? तत्त्वज्ञान नको.

खडकीकर: हॉकी इंडिया लीगमध्ये ड्राफ्ट कुठला, लिलाव असतो. 2024 ला सूरमा संघाने हरमनप्रीतवर 78 लाख लावले. पेनल्टी कॉर्नरवाला आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

मिसिसागाचा_मन्या: काका, बर्फावरची हॉकी. ऑफिसचा पूल आहे, खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ करायचे, त्यांच्या खेळावर आपल्याला पॉइंट.

आजोळ: किती जण? पॉइंट कशाकशाचे? खेळाडू पुढच्या वर्षी ठेवता येतात का?

मिसिसागाचा_मन्या: 12 जण. पॉइंट नेहमीचेच.

आजोळ: नेहमीचे म्हणजे काय? आमच्याकडे हिट (धडक) आणि ब्लॉकलाही (शॉट अडवला की) मिळतात.

बर्फाळ_बंड्या: डोळे झाकून विंगर. 2013 ला NHL मधल्या कोलोरॅडोकडे लँडेस्कॉग, डुशेन हे फॉरवर्ड होते, रड होती डिफेन्सची. ड्राफ्टचा पहिला पिक (निवडीची पाळी) हातात आणि समोर डेन्व्हरलाच वाढलेला डिफेन्समन सेथ जोन्स. तरी घेतला फॉरवर्ड मॅकिनन. डिफेन्सला मकार 2017 मध्ये चौथ्या पिकवर मिळाला. 2022 ला स्टॅन्ली कप घरी.

तेलनगरी: आमच्या एडमंटनला सांग हे! 2010 हॉल, 2011 न्यूजंट-हॉपकिन्स, 2012 याकुपोव्ह. तीन वर्षं पहिला पिक, तिन्ही फॉरवर्ड. शेवटी 2016 ला हॉलसारखा माणूस देऊन एकटा डिफेन्समन लार्सन आणला. मी गाडी बाजूला लावून बातमी दोनदा वाचली होती.

बर्फाळ_बंड्या: याकुपोव्ह फसला हा पारखणाऱ्यांचा दोष. गरजेचं बघायचं तर मॉन्ट्रियल बघ. 2018 ला सेंटर (मधला फॉरवर्ड) हवा म्हणून तिसऱ्या पिकवर कोटकानिएमी. लगेच पुढच्या पिकला ओटावाने ब्रेडी कचक नेला, क्विन ह्यूज सातव्यावर. अठरा वर्षांची पोरं ती, तयार होईपर्यंत संघाची गरजच बदलते.

आजोळ: बंड्या, त्याला पॉइंट याच मोसमात हवेत. मन्या, तो विंगर आणि त्याच्या पुढचा विंगर यांच्यात फरक किती ते बघ. विंगर पोत्याने मिळतात. पॉइंट काढणारे डिफेन्समन मोजके, तिथे एक पायरी चुकली की थेट तळघर.

नवी_आई: मुलगा सहा वर्षांचा आहे, स्केट्स नवे घ्यावेत की वापरलेले?

तेलनगरी: वापरलेले. पाय वर्षाला वाढतात.

बर्फाळ_बंड्या: तळघर वगैरे काही नाही. विंगर घे, महिन्याभराने ट्रेड (अदलाबदल) करून डिफेन्समन आण.

मिसिसागाचा_मन्या: ट्रेड बंद आहेत. गेल्या वर्षी भांडणं झाली. आणि डिफेन्सच्या चार जागा भराव्याच लागतात, माझ्याकडे दोनच आहेत.

आजोळ: हे आत्ता सांगतोस?

खडकीकर: म्हणून म्हणतो, लिलाव बरा.

मिसिसागाचा_मन्या: तो डिफेन्समन आत्ताच माझ्या आधीच्याने नेला. विंगरही गेला. दीड मिनिट आहे, गोली (गोलकीपर) घेऊ का?

आजोळ: कोण कोण उरलेत?