मदत हवी आहे: पॉप्युलिस्ट (लोकानुनयी) सरकार गेल्यावर मोडलेल्या संस्था परत नीट कशा करतात?

नमस्कार मंडळी, एमए राज्यशास्त्राच्या सेमिनारसाठी मी पोलंड घेतलंय आणि पार अडकलोय. २०१५ ते २०२३ तिथं लॉ अँड जस्टिस पक्षाचं सरकार होतं, त्यांनी २०१७ च्या शेवटी कायदा बदलून न्यायाधीश निवडणाऱ्या कौन्सिलमधले १५ न्यायाधीश सदस्य संसदेने निवडायचे असं केलं, आधी ते न्यायाधीशच निवडायचे. पुढे याच कौन्सिलच्या शिफारशीने न्यायाधीशांच्या हजारो नेमणुका झाल्या, म्हणून त्या वैध आहेत का हाच वाद आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्या पक्षाचे विरोधक डोनाल्ड टुस्क यांचं सरकार आलं, मला वाटलं आता सुटला प्रश्न, पण कुठलं काय! त्या सगळ्या न्यायाधीशांना काढलं तर त्यांनी दिलेल्या निकालांचं काय, कुणाचा घटस्फोट, कुणाचा वारसाहक्क, आणि ठेवलं तर मग बदललं काय? त्यात राष्ट्राध्यक्षांकडे व्हेटो, म्हणजे नवा कायदा अडवायचा अधिकार, तो मोडायला संसदेत तीन पंचमांश मतं लागतात, ती टुस्ककडे नाहीत, आणि २०२५ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून नवरोत्स्की निवडून आले तेही टुस्कच्या विरोधी बाजूचेच.

सरकारी टीव्हीचंही तसंच, नव्या सरकारने आल्या आल्या तिथले वरचे लोक बदलले, कायदा न बदलता, संसदेत नुसता ठराव करून आणि मग मंत्र्यांच्या आदेशाने. हेतू चांगला असेल हो, पण मला ती पद्धत खटकते, उद्या दुसरे येऊन हेच करतील ना?

तर कायदा न मोडता संस्था सावरल्याचं एखादं उदाहरण कुणाला माहितीये का? कुठल्याही देशाचं चालेल. आणि न्यायाधीशांच्या मुद्द्यावर कुणी वकील मंडळींनी लिहिलं तर फारच बरं होईल.